दक्षिणेकडून अरोरा पाहायचा असेल तर केपीकडे कमी आणि उत्तर क्षितिजाकडे जास्त बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी ध्रुवापासून बराच दूर, ३५ ते ४० उत्तर अक्षांशांच्या पट्ट्यात राहतो. मे २०२४ नंतर मोठ्या सौरवादळाचा इशारा आला की अरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रकाश, पाहायला रात्री बाहेर पडतो. ॲपवर केपी (चुंबकीय वादळाचा ० ते ९ निर्देशांक) ८ असतो, आकाश निरभ्र असते, तरी काहीच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याच भागातले कुणीतरी तांबड्या आकाशाचे फोटो टाकते. मी काय वेगळे करायला हवे?"

तुमच्या वर्णनावरून मला दोन ठिकाणी गडबड दिसते. तुम्ही बहुधा हिरव्या पडद्यांची वाट पाहताय, आणि ते तुमच्या क्षितिजाच्या खाली आहेत. शिवाय तुम्ही ज्या आकड्यावर विसंबून घराबाहेर पडता, तो तुमच्या अक्षांशावर फारसे काही सांगत नाही. बाकीच्या गोष्टी, म्हणजे कॅमेरा, जागा, वेळ, या दोन गोष्टी समजल्या की आपोआप जागेवर येतात.

आधी भूमिती बघू, कारण सगळे तिथेच ठरते. अरोरा पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवाभोवती एका कड्यासारखा असतो. शांत दिवसांत हे कडे ६५ ते ७० भूचुंबकीय अक्षांशांच्या आसपास असते आणि वादळात दक्षिणेकडे पसरते. ढोबळ हिशोब असा, की केपी एकेका पायरीने वाढला की कड्याची दक्षिण कड सुमारे दोन अंश खाली सरकते. केपी ५ ला ती ५६ च्या आसपास येते आणि केपी ९ ला ४८ च्या. यातला 'भूचुंबकीय' हा शब्द महत्त्वाचा आहे, म्हणजे हा अक्षांश भूचुंबकीय ध्रुवाच्या हिशोबाने मोजलेला. भूचुंबकीय ध्रुव भौगोलिक ध्रुवावर नसून उत्तर अमेरिकेच्या बाजूला कललेला आहे. त्यामुळे न्यूयॉर्क, माद्रिद आणि बीजिंग ही तिन्ही शहरे नकाशावर ४० अंशांच्या जवळपास असली, तरी न्यूयॉर्कचा भूचुंबकीय अक्षांश सुमारे ५० भरतो, माद्रिदचा ४३ आणि बीजिंगचा जेमतेम ३१. एकाच वादळात न्यूयॉर्कमध्ये अरोरा डोक्यावर येऊ शकतो आणि बीजिंगमध्ये त्याचा मागमूसही नसतो. म्हणून सगळ्यात आधी स्वतःच्या जागेचा भूचुंबकीय अक्षांश काढून ठेवा. आशिया खंडातून पाहणाऱ्यांना हा आकडा बघून थोडे वाईट वाटेल, पण तो माहीत असलेला बरा.

आता उंची. आपल्या ओळखीचा हिरवा अरोरा १०० ते १५० किलोमीटर उंचीवर असतो. तांबडा २०० पासून ४०० किलोमीटरपर्यंत, मोठ्या वादळात त्याच्याही वर. दोन्ही रंग ऑक्सिजनच्या अणूचेच. हिरवा प्रकाश उत्तेजित झालेला अणू पाऊण सेकंदात सोडतो, तांबडा सोडायला त्याला जवळपास दोन मिनिटे लागतात. खाली दाट हवेत एवढा वेळ मिळण्याआधीच दुसरा रेणू येऊन धडकतो आणि ऊर्जा काढून घेतो, म्हणून तांबडा रंग विरळ हवेतच टिकतो. पृथ्वीच्या वक्रतेमुळे १०० किलोमीटर उंचीवरची वस्तू जास्तीत जास्त १,१०० किलोमीटरवरून क्षितिजाला टेकलेली दिसते, तर ३०० किलोमीटर उंचीवरची १,९०० किलोमीटरवरून. तुम्ही दक्षिणेला जितके दूर, तितका अरोराचा तळ बुडालेला आणि फक्त शेंडा वर. तो शेंडा तांबडा असतो. दक्षिणेकडून काढलेले सगळे फोटो लालबुंद का असतात, याचे उत्तर एवढेच.

इतिहासात याचे पुरावे भरपूर आहेत. १७ सप्टेंबर १७७० च्या रात्री जपानमध्ये आकाश तांबडे झाल्याच्या नोंदी आणि चित्रे आहेत. २५ जानेवारी १९३८ च्या रात्री युरोपभर लोकांना दूरवर आग लागल्यासारखे वाटले. १ आणि २ सप्टेंबर १८५९ च्या कॅरिंग्टन वादळात क्युबा आणि हवाईपर्यंत अरोरा दिसला, आणि त्याच वादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकमापकाने क्षैतिज घटकात सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची (चुंबकीय क्षेत्र मोजायचे एकक) घसरण नोंदवली. कमी अक्षांशावरची त्या वादळाची ही सर्वांत मोलाची नोंद मानतात. ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात तर खुद्द मुंबईतून अरोरा दिसल्याच्या बातम्या आहेत, तिचा भूचुंबकीय अक्षांश १० च्या घरात असूनही. अशी वादळे पिढीत एखादे येते किंवा येतही नाही, तेव्हा त्यावर बेत आखू नका. पण 'इतक्या दक्षिणेला अशक्यच' असे कुणी ठामपणे म्हणाले तर १८५९ आणि १८७२ ही दोन वर्षे लक्षात असू द्या.

डोळ्यांना का दिसत नाही, हा तुमच्या प्रश्नातला खरा सल. अंधारात आपण डोळ्यातल्या दंडपेशींनी पाहतो आणि या पेशी तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळ्या आहेत. अरोराच्या हिरव्या रेषेला, म्हणजे ५५७.७ नॅनोमीटरला, त्यांचा जो प्रतिसाद असतो, त्याच्या शंभराव्या भागाइतकाच ६३० नॅनोमीटरच्या तांबड्या रेषेला असतो. म्हणजे दक्षिणेकडच्या माणसाच्या वाट्याला नेमका तोच रंग येतो, जो रात्रीच्या डोळ्याला सगळ्यात कमी कळतो. कॅमेऱ्याची अशी अडचण नाही. तेव्हा शेजारच्याला दिसला आणि मला नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो, की त्याच्या कॅमेऱ्याला दिसला.

डोळ्यांना काहीच दिसत नाही असे मात्र नाही. वादळ जोरात असेल आणि डोळे अर्धा तास अंधाराला सरावलेले असतील, तर उत्तरेला राखाडी, किंचित मातकट छटेचा उजळपणा दिसतो. त्यातून मध्येच उभे, फिकट खांब वर येतात, मिनिट-दोन मिनिटे राहतात, हळूच बाजूला सरकतात आणि विरतात. पहिल्यांदा पाहणारा त्यांना विरळ ढग समजून सोडून देतो. ढग आणि खांब यांतला फरक ओळखायला तारे बघा. खांबातून तारे जसेच्या तसे चमकत राहतात, ढगात ते मंद होतात. थेट लाल रंग नुसत्या डोळ्यांना दिसला, तर समजा की ती रात्र असामान्य आहे, आणि फोन खिशात ठेवून आधी पाहून घ्या.

आता केपी. हा आकडा तीन तासांचा मिळून एक असतो आणि जगभरातल्या मोजक्या वेधशाळांच्या नोंदींवरून निघतो. तुमच्या ॲपवर दिसतो तो बहुतेकदा अंदाज असतो, नाहीतर उलटून गेलेल्या तासांचा हिशोब. शिवाय त्याचा वरचा टप्पा ९ आहे. मध्यम आकाराचे ९ आणि महाभयंकर ९ यांत तो फरक करत नाही, आणि तुमच्या अक्षांशावर नेमका तोच फरक महत्त्वाचा असतो. मी दक्षिणेकडच्या लोकांना डीएसटी निर्देशांक बघायला सांगतो. क्योटोहून तो प्रसिद्ध होतो आणि पृथ्वीभोवती फिरणाऱ्या विद्युतप्रवाहाच्या कड्याची ताकद दाखवतो. वादळ जितके मोठे, तितका तो उणे. उणे १०० नॅनोटेस्ला म्हणजे चांगले वादळ. उणे २५० च्या खाली गेले की दक्षिणेकडच्यांनी चपला घालायला हरकत नाही. मार्च १९८९ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांताची वीज गेली, तेव्हा हा आकडा उणे ५८९ पर्यंत गेला होता. मे २०२४ मध्ये तो उणे ४०० च्या पलीकडे होता. जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या जीएफझेड संस्थेने केपीच्या जोडीला एचपी ३० आणि एचपी ६० असे अर्ध्या तासाचे आणि एका तासाचे निर्देशांक आणले आहेत. त्यांना वरची मर्यादा नाही. केपीऐवजी तेच डोळ्यासमोर ठेवा.

पण हे सगळे आकडे वादळ सुरू झाल्यावरचे. त्याआधी काय पाहायचे?

सूर्यावर मोठी सौरज्वाला झाली की बातम्या सुरू होतात. ज्वालेचा प्रकाश आठ मिनिटांत येतो आणि त्याने अरोरा होत नाही. अरोरासाठी सूर्याच्या किरीटातून, म्हणजे त्याच्या बाहेरच्या वातावरणातून, सुटलेला द्रव्याचा ढग, म्हणजे सीएमई, लागतो आणि तोही आपल्या दिशेने आलेला. ऑक्टोबर २०१४ मध्ये २१९२ क्रमांकाच्या अवाढव्य डागसमूहाने एक्स या सर्वांत तीव्र वर्गाच्या सहा ज्वाला सोडल्या, पण त्यांच्याबरोबर नाव घेण्यासारखा ढग एकही सुटला नाही. तेव्हा 'एक्स वर्ग' हे शब्द वाचून बॅग भरू नका. किरीटचित्रकाच्या (सूर्यबिंब झाकून भोवतालचा किरीट टिपणाऱ्या दुर्बिणीच्या) चित्रांत सूर्याभोवती सगळ्या बाजूंनी फुगत जाणारे वलय दिसते का, ते पाहा. असे वलय म्हणजे ढग आपल्या रेषेत आहे. फक्त तो आपल्याकडे येतोय की पलीकडच्या बाजूला जातोय, हे ज्वाला कुठे झाली त्यावरून ताडून घ्यावे लागते. तसेच किरीटातल्या छिद्रांमधून येणारा वेगवान सौरवारा २७ दिवसांनी पुन्हा येतो, त्यावर उत्तरेकडचे लोक सहली आखतात. तुमच्या अक्षांशाला त्याचा काही उपयोग नाही, ती वादळे बहुतेकदा हलकीफुलकी असतात.

ढग सुटल्यापासून एक ते चार दिवसांत पोचतो. कॅरिंग्टनचा साडेसतरा तासांत आला होता. तो कधी पोचेल याचा अंदाज कितीही चांगल्या प्रारूपाने दिला, तरी काही तास इकडेतिकडे होणारच. आणि मुख्य गोष्ट, म्हणजे ढगातल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा, तो अगदी दारात येईपर्यंत कुणालाच कळत नाही. ही दिशा म्हणजे बीझेड. बीझेड उणे, म्हणजे दक्षिणेकडे वळलेला असेल, तर ढगाचे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राशी जुळते आणि ऊर्जा आत येते. अधिक असेल तर केवढाही वेगवान ढग आपल्यावरून निघून जातो आणि तुमच्या पदरी काही पडत नाही.

हे मोजणारी याने पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवर, एल १ बिंदूभोवती आहेत. १९९७ मध्ये सोडलेले एस, २०१५ मधले डिस्कव्हर, आणि ६ जानेवारी २०२४ ला तिथे पोचलेले भारताचे आदित्य एल १ सुद्धा. सौरवारा सेकंदाला ४०० किलोमीटर वेगाने आला तर तिथून आपल्यापर्यंत तासभर लागतो. ८०० च्या वेगाने अर्धा तास. तुमच्या हातातली खात्रीशीर पूर्वसूचना एवढीच. त्यामुळे 'बघू, दिसतोय असे कळले की निघू' हा बेत दक्षिणेत फसतो. वादळाच्या रात्री तुम्ही आधीच जागेवर असायला हवे किंवा जागा अर्ध्या तासाच्या आत हवी.

आलेख वाचायची माझी पद्धत सांगतो. सगळ्यात आधी बीटी पाहतो, म्हणजे चुंबकीय क्षेत्राची एकूण ताकद. बीझेड कितीही उणे झाला तरी बीटीच्या पलीकडे जाऊ शकत नाही, म्हणून बीटी ही त्या रात्रीची कमाल मर्यादा. ती १० नॅनोटेस्ला असेल तर मी झोपतो. २५-३० च्या वर गेली तर थांबतो, बीझेड त्या घडीला अधिक असला तरी. कारण ढगाच्या आतले क्षेत्र पीळ घातल्यासारखे असते आणि काही तासांनी दिशा पालटू शकते. पहिल्या तासाभरात बीझेड उत्तरेकडे राहिला म्हणून लोक वैतागून घरी जातात आणि पहाटे आकाश पेटते, हे नेहमीचेच. दुसरे, एखादी खोल उडी कामाची नाही. बीझेड उणे ३० ला जाऊन दहा मिनिटांत परत आला तर तुमच्यापर्यंत काही येणार नाही. उणे २० वर दोन-तीन तास टिकला, तर कडे सावकाश तुमच्या दिशेने सरकत राहते. मे २०२४ मध्ये तो उणे ४० च्याही पलीकडे गेला आणि असे झोके तासन्‌तास येत राहिले.

एवढे जमून आले तरी एक गोष्ट हातात नसते, ती म्हणजे त्या वेळी तुमच्याकडे रात्र आहे की नाही. २४ मार्च २०२४ चे वादळ अमेरिकेच्या नोआ या हवामान संस्थेच्या पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीवर चौथ्या पायरीचे होते, केपी ८ झाला, पण त्याचा जोर जागतिक वेळेनुसार दुपारी आणि संध्याकाळी होता. युरोप-अमेरिकेत अंधार पडेपर्यंत बीझेड उलटला आणि वाट पाहणाऱ्यांच्या तोंडाला पाने पुसली गेली. याउलट १० मे २०२४ ला धक्का जागतिक वेळेनुसार संध्याकाळी पाचच्या सुमारास पोचला. भारतात तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. वादळ चढत गेले ते नेमके तिथल्या मध्यरात्रीनंतर, आणि लडाखमधल्या हानले इथल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजावर तांबडा अरोरा टिपला. भूचुंबकीय अक्षांश २४-२५ च्या आसपास. मग तेच वादळ युरोपला आणि पुढे अमेरिकेला रात्रभर पुरले. दोन दिवसांपूर्वीच अमावास्या झाली होती, त्यामुळे चंद्राचाही त्रास नव्हता. असे जुळून येणे भाग्याचे. २००३ च्या ऑक्टोबरनंतर पाचव्या पायरीचे ते पहिलेच वादळ होते.

जागेबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचे आहे, कारण हा भाग पूर्णपणे तुमच्या हातात आहे आणि लोक इथेच कंटाळा करतात. तुम्हाला लागते ते उत्तरेला अगदी खालपर्यंत मोकळे आणि काळोखे क्षितिज. तांबडा शेंडा तुमच्याकडे बहुधा पाच ते पंधरा अंशांवर असेल. हात लांब करून मूठ धरली की तिची रुंदी साधारण दहा अंश होते. म्हणजे सगळा खेळ क्षितिजावर ठेवलेल्या एक-दीड मुठीत. तेवढ्यात एखादी टेकडी, इमारत किंवा झाडांची रांग आली की संपले. शहर तुमच्या दक्षिणेला असायला हवे. शहराच्या उत्तरेला वीस-तीस किलोमीटर गेलात तर उजेड पाठीमागे राहतो. तेवढेच दक्षिणेला गेलात तर शहराचा उजेड नेमका अरोराच्या जागी येऊन बसतो. ढोबळ नकाशावर दोन्ही जागा सारख्याच काळ्या दिसतात आणि लोक फसतात. उत्तरेला समुद्र किंवा मोठा तलाव असलेला किनारा, नाहीतर उत्तरेकडे उतरणारा डोंगरकडा, यासारखी जागा नाही. उंचीचाही फायदा होतो. पाच अंशांवर पाहताना प्रकाश डोक्यावरच्या तुलनेत दहापट हवेतून येतो. ही खालची धूळ आणि बाष्प जितके कमी, तितके बरे. हानले साडेचार हजार मीटरवर आहे, आणि तिथला अरोरा कॅमेऱ्यात येण्यामागे हेही एक कारण आहे.

मग गाडी काढून उत्तरेकडे का जाऊ नये? हिशोब करा. ३०० किलोमीटर उंचीचा शेंडा तुम्हाला पाच अंशांवर दिसत असेल, तर तो दहा अंशांवर आणायला तुम्हाला साडेतीनशे किलोमीटर उत्तरेला जावे लागेल. रात्रभर गाडी हाकून कमाई पाच अंशांची, आणि तोवर वादळ ओसरलेले. ढग आले असतील तर मात्र जरूर पळा, मग दिशा कुठलीही असो. अन्यथा दिवसा दोन-तीन जागा पाहून ठेवा, उत्तर नेमकी कुठे आहे हे ध्रुवताऱ्यावरून पक्के करा, आणि वादळ नसलेल्या रात्री तिथून उत्तरेचे फोटो काढून ठेवा. याचा उपयोग पुढे येतो.

कॅमेऱ्याबद्दल फार घोळ घालायची गरज नाही. तिपाई, १४ ते २४ मिलिमीटरचे भिंग, एफ २.८ किंवा त्याहून उघडे छिद्र, आयएसओ १६०० ते ३२००, आणि १० ते १५ सेकंद. उत्तरेकडे हिरवे पडदे झरझर नाचतात म्हणून तिथे उघडझाप कमी सेकंदांची ठेवतात. तुमचा तांबडा उजेड सावकाश चालतो, त्याला १५ सेकंद चालतात. फोकस एखाद्या ठळक ताऱ्यावर हाताने करा, रॉमध्ये काढा, आणि व्हाइट बॅलन्स ४००० केल्व्हिनच्या जवळ कायम ठेवा. ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा लाल रंगालाच चूक समजून तो पुसू पाहतो. फोनचा नाइट मोडही चालतो, पण फोन दगडावर किंवा तिपाईवर स्थिर हवा.

दर पाच मिनिटांनी उत्तरेची एक फ्रेम काढा आणि पडद्यावर खालून वर वाचा. सगळ्यात खाली दूरच्या गावांचा पिवळट-नारिंगी उजेड असतो. त्याच्या वर काळपट निळी पट्टी येते. आणि त्या पट्टीच्या वर जर डाळिंबी रंगाची झाक असेल, म्हणजे रंग तळाशी नसून अधांतरी सुरू होत असेल, तर थांबा, हे काहीतरी आहे. दिव्यांचा उजेड तळाशी सर्वाधिक असतो आणि वर जाताना कमी होतो. मध्ये काळी फट ठेवून तो पुन्हा लाल होत नाही. ढगांच्या थरावर पडलेला उजेड मात्र असा फसवू शकतो, म्हणून तारे दिसतायत ना, ते बघा.

फसवणाऱ्या गोष्टींत पहिला नंबर वायुप्रकाशाचा. वरच्या वातावरणातून दर रात्री, वादळ असो नसो, अंधूक हिरवा आणि तांबडा प्रकाश येतच असतो. तोही ऑक्सिजनचाच, त्याच तरंगलांबीचा. चांगल्या कॅमेऱ्यात तो पट्ट्यापट्ट्यांनी येतो आणि समाजमाध्यमांवर 'आमच्याकडे अरोरा!' म्हणून फिरतो. माझी खात्रीची कसोटी साधी आहे: त्याच सेटिंगवर लगेच दक्षिणेची आणि पूर्वेची फ्रेम काढा. तिकडेही तोच रंग आला तर तो वायुप्रकाश. अरोरा उत्तरेलाच दाट हवा. शांत रात्री काढून ठेवलेल्या फोटोंशी ताडून पाहिले की उरलेली शंकाही जाते. याशिवाय संधिप्रकाश (सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेल्याशिवाय पूर्ण काळोख होत नाही), हरितगृहांतले गुलाबी एलईडी, रॉकेटने सोडलेल्या इंधनाचे ढग, हे सगळे पाहिलेले आहे. संपादनात लाल रंग ताणून काढलेल्या फोटोंबद्दल न बोललेले बरे.

काहींना मोठ्या वादळात एक तांबडी कमान दिसते, जी तासन्‌तास जागची हलत नाही, तिच्यात खांब नाहीत, कड मऊ. तिला स्थिर तांबडी कमान म्हणतात आणि ती नेहमीच्या अरोराच्या दक्षिणेला असते. पृथ्वीभोवतीच्या प्रवाहाच्या कड्यातली उष्णता खाली झिरपून ऑक्सिजन तापतो, त्यातून ती होते. वरून पडणारे कण थेट आदळून होणाऱ्या अरोराहून तिची घडण निराळी, म्हणून जाणकार तिला वेगळे मोजतात. कमी अक्षांशावरून कॅमेऱ्यात आलेल्या बऱ्याच 'अरोरां'मध्ये हिचा वाटा असतो. मला स्वतःला ती अरोराइतकीच आवडते, नावावरून वाद घालण्यात अर्थ नाही. तिची गल्लत स्टीव्हशी करू नका. स्टीव्ह ही अरुंद, फिकट जांभळी पट्टी पूर्व-पश्चिम ताणलेली असते, अर्धा-एक तास टिकते, आणि ती कॅनडातल्या हौशी निरीक्षकांमुळे २०१६ नंतर शास्त्रज्ञांच्या नजरेत आली. तुमच्या अक्षांशावर ती दिसण्याची शक्यता कमीच. मे २०२४ मध्ये जपानमधून जांभळट-गुलाबी अरोरा दिसला, त्याचे कारण आणखी वेगळे. उन्हाळ्याच्या तोंडाशी फार उंचावरच्या हवेवर रात्रीही सूर्यप्रकाश पडत असतो आणि तिथले नायट्रोजनचे आयन त्यातला निळा प्रकाश पसरवतात. तांबड्यात तो निळा मिसळला की तसा रंग होतो.

कुठल्या महिन्यांत जागे राहावे? मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. विषुवदिनांच्या सुमारास पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सौरवाऱ्याशी अशा कोनात येते की दक्षिणाभिमुख बीझेड मिळणे सोपे होते. मे महिन्यातही वादळे होतातच, पण पैज लावायची तर विषुवदिनांवर लावा. सध्याचे २५ वे सौरचक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले आणि त्याचा कमाल काळ आल्याचे नासा आणि नोआने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. कमाल काळ ओसरला म्हणून संधी गेली असे समजू नका. २००३ ची ऑक्टोबरमधली वादळे २३ व्या चक्राच्या उतरणीवरच आली होती. उतरणीच्या काळात ढगांची संख्या घटते, पण एखादा डागसमूह अचानक पिसाटतो. दक्षिणेकडच्या माणसाला तेवढा एकच पुरतो.

रात्रीत केव्हा, याचे उत्तर साधारण दहा ते दोन. पण हे फक्त इतर गोष्टी सारख्या असतील तर. बीझेड पहाटे चारला कोसळला तर पहाटे चारला उठा.

दिसलाच, तर नोंद ठेवा, नुसता फोटो नको. वेळ जागतिक वेळेत लिहा आणि कॅमेऱ्याचे घड्याळ आधीच सेकंदापर्यंत जुळवून ठेवा. जागेचे अक्षांश-रेखांश, फोटोत ओळखता येणारे दोन-तीन तारे, आणि लाल उजेडाची वरची व खालची कड क्षितिजापासून किती मुठी वर होती, हे टिपा. तारे असलेल्या फोटोवरून कोन नेमका काढता येतो, आणि एकाच क्षणी दोन दूरच्या ठिकाणांहून काढलेले असे फोटो मिळाले, तर अरोराची उंची मोजता येते. डोळ्यांना रंग दिसला की नुसता उजळपणा, हे वेगळे लिहा, कारण ते कॅमेरा सांगू शकत नाही. आणि ज्या रात्री केपी ८ असूनही काही आले नाही, त्या रात्रीचे बीझेड आणि डीएसटीचे आलेख त्याच वहीत ठेवा. तुमच्या जागेवरून कुठल्या आकड्याला काय दिसते, हे कुठलेही ॲप सांगणार नाही, ती वहीच सांगेल.